कागदाखालचं नाव

गॉर्डन पिलिंग म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. उभा जन्म मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये घरोघरचे गॅसचे मीटर वाचण्यात गेला, पण कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही. गुरुवार उजाडला की मात्र या सज्जनाच्या अंगात यायचं. सकाळपासून येरझाऱ्या सुरू. अकराच्या बसला निघताना हातात बेदाणे भरलेल्या एकल्स केकची पिशवी, डोक्यावर टोपी आणि तोंडाने पुटपुट.

"आज सोडत नाही त्याला. आज वदवून घेतोच."

"घे, घे," त्याची बायको ग्लेनिस पेपरातून मान वर न करता म्हणायची. "आणि येताना बटाटे आण."

"गेल्या गुरुवारीही आणले होते."

"तेच म्हणते मी. वदवून घ्यायला गेलास आणि बटाटे घेऊन आलास. तुला जमेल तेवढंच सांगते हल्ली."

ज्याच्याकडून वदवून घ्यायचं तो रॉयस्टन टॅटरसॉल. वय एक्याऐंशी, मुक्काम टेकडीवरचा वृद्धाश्रम, खोली नंबर नऊ. आणि वदवून काय घ्यायचं, तर एका गाण्याचं नाव. बस्स. दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या गाण्याचं नाव. गॉर्डन ते पंचावन्न वर्षं विचारत होता आणि रॉयस्टन पंचावन्न वर्षं सांगत नव्हता.

तर गोष्ट सदुसष्ट सालची. मँचेस्टरात कापडाच्या एका जुन्या गोदामाच्या तळघरात ब्लू लँटर्न नावाचा क्लब होता. दारूचा थेंब नाही, नुसती कॉफी आणि कोक. पण शनिवारी रात्री आत शिरलेली पोरं रविवारी सकाळीच बाहेर पडायची, तीही निथळत. गिरण्यांतली, कारखान्यांतली पोरं ती. सुटाला कडक इस्त्री, बुटांना चामड्याचा तळ, पिशवीत बदलायला दोन बनियन. वाजायचं काय, तर अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं सोल आणि जमैकाचं स्का. रेडिओवर यातलं काही लागत नसे. ज्याला ऐकायचं असेल त्याने मुकाट्याने तळघरात उतरावं आणि रॉयस्टन लावेल ते ऐकावं.

रॉयस्टन रेकॉर्ड लावायचा. आणि काय तोरा त्याचा! काचेच्या खोक्यात उभा राहून खाली नाचणाऱ्यांकडे असा बघायचा, जणू या सगळ्यांना पाय त्यानेच वाटले आहेत. "मी स्वतः अमेरिकेत, डेट्रॉइटला जाऊन आणतो," असं सांगायचा. पोस्टरवरसुद्धा छापून घेतलं होतं: 'ज्याला सगळं माहीत आहे तो माणूस.' पोरांचा विश्वास बसायचा, कारण त्याच्याकडचं गाणं दुसऱ्या कुणाकडे नसायचं.

आता असं गाणं दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून या लोकांची एक रीत होती. शेजारच्या क्लबवाल्यांची माणसं गर्दीत घुसून रेकॉर्डवरचं लेबल वाचायला टपलेली असत. नाव कळलं की अमेरिकेला पत्र, आणि महिन्याभरात तेच गाणं त्यांच्याकडे. म्हणून रेकॉर्ड लावणारे लेबलावर कोरा कागद डकवायचे, वर मनाला येईल ते खोटं नाव लिहायचे आणि माइकवरून तेच खोटं नाव ठणकावून सांगायचे. लोणच्याचं प्रमाण विचारलं की जाऊबाई जशी "अंदाजानेच घालते मी" म्हणते, त्यातलाच प्रकार. आणि शिस्त अशी की एकाने लावलेला कागद दुसऱ्याने काढायचा नाही. चोरी चालेल, मारामारी चालेल, कागदाला हात लावणं चालायचं नाही.

गॉर्डन तेव्हा एकोणीस वर्षांचा. सात महिने तो त्या तळघरात एका खांबाला पाठ लावून उभा होता आणि मित्रांचे कोट सांभाळत होता. नाचाची हौस दांडगी, पण पाय ऐकतील तर शपथ. एका रात्री रॉयस्टनने नवी रेकॉर्ड लावली. पाऊल पडायच्या जागी काही नाही आणि पाऊल नसतं तिथे गिटारचा ठोका, मागून एक कर्णा, मग आवाज. बाईचा की बाप्याचा, सांगता येऊ नये असा. जिन्याकडून एक पोरगी आली, गॉर्डनच्या हातातले चारही कोट तिने जमिनीवर टाकले आणि त्याला ओढून मधोमध नेलं. ती ग्लेनिस. गॉर्डन नाचला. कसा नाचला ते विचारू नका, पण नाचला. तीन वर्षांनी लग्न, पुढे दोन मुली, घर, बाग, सगळं त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांतून निघालं. आणि त्या गाण्याचं नाव माहीत नाही! म्हणजे स्वतःच्या लग्नातला मध्यस्थ कोण, हे नवऱ्याला माहीत नसावं, तशी गत.

माइकवरून रॉयस्टनने नाव सांगितलं होतं: जॉनी फेअरवेदर आणि द अंब्रेलाज. गॉर्डन बिचारा सरळ मनाचा. त्याने सहा महिने अमेरिकेला पत्रं धाडली. रेकॉर्ड कंपन्यांना, दुकानांना, शेवटी टेलिफोनच्या पुस्तकात नाव सापडेल त्या प्रत्येक जॉनी फेअरवेदरला. एकाचं उत्तर आलं. ओहायोतला विम्याचा एजंट होता. त्याने लिहिलं होतं की मी आयुष्यात गायलो नाही, चर्चमध्येसुद्धा मला नुसते ओठ हलवायला सांगतात, पण तुमच्या पत्राने फार बरं वाटलं. सोबत बायकोचा फोटो पाठवला होता, कशासाठी ते देव जाणे.

गॉर्डन ते पत्र घेऊन रॉयस्टनकडे गेला, तेव्हा रॉयस्टन इतका हसला की त्याला खाली बसवावं लागलं. "अरे लेका, त्या दिवशी मी बसमध्ये छत्री विसरलो होतो. तेवढ्यावरून सुचलं ते नाव."

"मग खरं नाव काय?"

"सांगत नाही जा."

त्या दिवशी जे युद्ध सुरू झालं ते क्लब बंद पडला तरी संपलं नाही. रॉयस्टन पुढे फर्निचरच्या दुकानात पलंग विकू लागला. गॉर्डन मीटर वाचता वाचता रेकॉर्डी जमवू लागला, आणि त्यासाठी याहून चांगली नोकरी जगात नसेल. तिकडे मीटर असतो जिन्याखालच्या कपाटात, आणि घरच्यांनी टाकून दिलेल्या जुन्या रेकॉर्डीही तिथेच. गॉर्डन बॅटरी घेऊन कपाटात शिरला की वीस वीस मिनिटं बाहेर येत नसे. बाया काळजीने विचारायच्या, "गळती आहे का हो?" आणि आतून आवाज यायचा, "गळती नाही, पण या सगळ्या तुम्ही टाकून देणार आहात का?" अशा चार हजार जमल्या. माडीवरच्या मागच्या खोलीची जमीन मध्यभागी वाकली. खाली स्वयंपाकघरात ग्लेनिस ओट्याशी उभी राहून छताकडे बघत म्हणायची, "एक दिवस सगळी जमैका माझ्या रश्शात पडणार आहे."

चार हजारांत ती एक नव्हती. गॉर्डनने एकेक वाजवून पाहिली होती.

वृद्धाश्रमातले गुरुवार चार वर्षं चालले. रॉयस्टनला मूलबाळ नाही, बायको केव्हाच कंटाळून ब्लॅकपूलला बहिणीकडे गेलेली. गॉर्डनखेरीज त्याच्याकडे चिटपाखरू फिरकत नसे. ती रेकॉर्ड बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पलंगाखाली होती. गॉर्डनला ते माहीत होतं आणि गॉर्डनला माहीत आहे हे रॉयस्टनला माहीत होतं. दोघे चहा पीत त्या डब्यावर पाय ठेवल्यासारखे बसायचे.

"मोठ्या मुलीने फोन दिलाय," गॉर्डन सांगायचा. "गाणं ऐकवलं की नाव सांगतो. एकदा वाजव फक्त."

"म्हणून तर वाजवत नाही. मला काय खुळा समजलास?"

"पहिलं अक्षर तरी सांग."

"हां, पहिलं अक्षर म्हणजे..." रॉयस्टन डोळे मिटायचा, मान कलायची, आणि बघता बघता घोरायला लागायचा. झोपेतसुद्धा एकल्स केकची पिशवी हातातून सुटत नसे. लबाड कुठला.

इकडे महिन्यातून एका रविवारी दुपारी गावातल्या बोलिंग क्लबात ब्लू लँटर्नचे सगळे जुने जमायचे. चहा, जुनी गाणी, आणि कुणाचा कुठला सांधा बदलला याची चौकशी. तिथला पुढारी टेरेन्स क्लेग. याच्याकडे सहा हजार रेकॉर्डी, दोन्ही कानांत मशीन, आणि रॉयस्टनवर जुना दात. क्लेगचं पालुपद ठरलेलं. "त्या टॅटरसॉलला काही माहीत नव्हतं आणि नाही. सोंग आहे नुसतं. डेट्रॉइटला गेला म्हणे! तो बर्मिंगहॅमच्या पुढे गेला असेल तर मी माझी टोपी खाईन." सगळे हसायचे. गॉर्डन हसायचा नाही. त्याचं म्हणणं असं की रॉयस्टन नीच असेल, आपमतलबी असेल, पण माहीत सगळं आहे त्याला. माहीत नसतं तर पंचावन्न वर्षं कोण लपवेल?

मार्चमध्ये रॉयस्टनच्या छातीने दगा दिला. डॉक्टर येऊन गेले, हळू आवाजात बोलून गेले. त्या गुरुवारी गॉर्डन गेला तर रॉयस्टन उशांना टेकून बसलेला, ओठ निळसर, केकचा तुकडा तसाच बशीत. आणि तरी गॉर्डनने विचारल्यावर तेच, "सांगत नाही जा."

गॉर्डनचा बांध फुटला. "मग मर तुझ्या कागदाला मिठी मारून," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारपासून यायचा नाही मी. पुरे झालं. चार वर्षं भर पावसात दोन बस बदलून येतोय आणि तू झोपेचं सोंग घेतोस. मी मित्र म्हणून येत होतो असं वाटलं का तुला? नावासाठी येत होतो, फक्त नावासाठी."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. रॉयस्टनने केकची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "डबा काढ."

गॉर्डन चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली शिरला. डबा उघडला. रेकॉर्ड होती. लेबलावर पिवळा पडलेला कागद, त्यावर रॉयस्टनच्या हस्ताक्षरात जॉनी फेअरवेदर.

"काढ कागद," रॉयस्टन म्हणाला. "माझी परवानगी आहे."

कागद काय असा निघतोय. गॉर्डनने चहाची किटली उघडली आणि वाफेवर रेकॉर्ड धरली, चारी बाजूंनी फिरवत. तेवढ्यात देखरेखीची बाई, मिसेस ओकाफोर, औषधं घेऊन आली. "मिस्टर पिलिंग, हे काय चाललंय? चहा प्यायचा असतो. शिजवायचं काही असेल तर खाली स्वयंपाकघर आहे."

"दोन मिनिटं, बाई. पंचावन्न वर्षांचं काम आहे."

"मग आणखी दोन मिनिटांनी काय होणार," असं म्हणून तीसुद्धा बघत उभी राहिली.

कागदाचा कोपरा सुटला. गॉर्डनने नखाने हळूच ओढला. कागद निघाला. खाली लाल लेबल, आणि त्या लेबलावर एक अक्षर नाही. कुणीतरी नाण्याने खरवडून सगळं साफ केलेलं. नाव नाही, गायक नाही, कंपनी नाही. नुसते ओरखडे.

"हे कुणी केलं?"

"एव्हराल्डने," रॉयस्टन म्हणाला. मग एकेक वाक्याला दम घेत त्याने सांगितलं. मँचेस्टरातच, मॉस साइडमध्ये एव्हराल्ड म्हणून जमैकाचा एक माणूस होता. कपाटाएवढे स्पीकर लावून घराच्या तळघरात जलसे करायचा. रॉयस्टन त्याच्याकडे गेला, हे गाणं ऐकलं आणि वेडा झाला. ऐन जानेवारीत अंगावरचा नवा ओव्हरकोट काढून दिला आणि रेकॉर्ड घेतली. पण जमैकावाल्यांची रीत आपल्या कागदाच्याही वरची. ते झाकत बसत नाहीत, खरवडूनच टाकतात. "मी नाव विचारलं तर म्हणाला, गाणं दिलं तुला, नाव नाही दिलं. पुढच्या वर्षी तो गावी परत गेला. मी शर्टावर कुडकुडत घरी आलो आणि ओरखड्यांवर कागद चिकटवला."

"म्हणजे तुला..."

"नाही माहीत. कधीच नव्हतं. डेट्रॉइटलाही गेलो नाही. माझ्याकडे पासपोर्टच नाही."

गॉर्डनने रेकॉर्ड पुन्हा उलटसुलट करून पाहिली. मग त्याला जो राग आला, तसा उभ्या आयुष्यात आला नव्हता. सहा महिने अमेरिकेला पत्रं! चार हजार रेकॉर्डी, एकेक वाजवून! आणि हा माणूस झाकत काय होता, तर काही नाही!

"घेऊन जा ती," रॉयस्टन म्हणाला. "तुझीच आहे. फक्त क्लेगला सांगू नकोस. कुणालाच नको. माझ्यामागे तेवढं एकच राहणार आहे रे, की रॉयस्टनला माहीत होतं."

"सगळ्यांना सांगणार," गॉर्डन म्हणाला. "बोलिंग क्लबात खुर्चीवर उभा राहून सांगणार." रेकॉर्ड कोटाच्या आत घातली आणि दार आपटून निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच आपटलं. त्या दाराला हळू मिटायची यंत्रणा होती, त्यामुळे आवाजसुद्धा झाला नाही.

घरी येऊन त्याने रेकॉर्ड लावली. करकर आली, मग गिटारचा ठोका, कर्णा, आवाज. मुलीने दिलेला फोन समोर धरला. फोनने बराच विचार केला आणि काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. ग्लेनिस हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"हेच ते? मला वाटत होतं, जरा मोठं होतं."

गॉर्डनने तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "कोट काढून दिला? जानेवारीत?" एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुला नाव मिळालं असतं तर काय केलं असतंस रे?"

गॉर्डनने खूप विचार केला. "लिहून ठेवलं असतं," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी मिसेस ओकाफोरचा फोन आला. रॉयस्टन पहाटे गेला. झोपेतच, आणि या वेळी सोंग नव्हतं. शुक्रवारी दिवसभर तो दाराकडे बघत विचारत होता, गुरुवार कधी आहे. गॉर्डन फोन ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसला आणि चार हजार रेकॉर्डींच्या मधोमध हमसून हमसून रडला. आपलं शेवटचं बोलणं त्याला आठवत होतं, आणि ते परत घ्यायला आता जागा उरली नव्हती.

अंत्यविधीनंतरचा चहा बोलिंग क्लबातच ठेवला होता. हॅमचे सँडविच, लोणच्यातले कांदे, आणि साठ-सत्तर म्हातारी माणसं, सगळ्यांचे बूट चकचकीत. टेरेन्स क्लेग गॉर्डनला शोधतच आला, मागे दहा-बारा जणांचं कोंडाळं. मिसेस ओकाफोरही आली होती, ग्लेनिसशेजारी बशी घेऊन बसली होती.

"तुझ्याकडे दिली म्हणे त्याने," क्लेग म्हणाला. "आणली आहेस?"

गॉर्डनने कोटातून रेकॉर्ड काढली. लेबलावर कागद होता.

क्लेगने डोळे बारीक केले. "कागद नवा दिसतोय."

"जुना फाटला होता."

"म्हणजे तू खालचं पाहिलंस."

"पाहिलं."

कोंडाळ्यात कुणी सँडविच चावेना. "मग सांग की सरळ," क्लेग म्हणाला. "नव्हतं ना त्याला माहीत? मी काय म्हणत होतो इतकी वर्षं? सोंग होतं ना सगळं?"

गॉर्डनने ग्लेनिसकडे पाहिलं. ती बशीतल्या कांद्याकडे बघत होती. मिसेस ओकाफोरने नॅपकिन तोंडावर धरला होता. हेच सांगायला तो खुर्चीवर उभा राहणार होता, आणि खुर्ची समोरच होती.

त्याने रेकॉर्ड चकतीवर ठेवली, सुई उचलली. कान गरम झाले होते, पण आवाज सरळ निघाला.

"नाव होतं, गायक होता, गावसुद्धा होतं," तो म्हणाला. "स्वतः डेट्रॉइटला जाऊन आणली होती. मला सगळं सांगितलं त्याने, आणि मी तुम्हाला सांगणार नाही असा शब्द दिलाय त्याला."

क्लेगचा जबडा खाली आला. "खरंच माहीत होतं?"

"सगळं माहीत होतं रॉयस्टनला," गॉर्डनने सांगितलं, सुई खाली ठेवली, आणि पुढचं कुणी काही विचारू नये म्हणून आवाज जेवढा जाईल तेवढा मोठा केला.